लाकडाच्या मोबदल्यात झाडे छाटून घेणे थांबवा

प्रति,
सोलापूर शहरात झाडांच्या छाटणीची कामे देणारे सर्वजण : सोसायट्यांचे पदाधिकारी, शाळा-महाविद्यालयांचे विश्वस्त, मंगल कार्यालयांचे आणि कारखान्यांचे मालक, तसेच कचेऱ्यांत बसून या कामांच्या अटी लिहिणारे अधिकारी

स. न. वि. वि.

या उन्हाळ्यात शहरातल्या एका मोठ्या आवारातली झाडे छाटायला दिली गेली, तेव्हा कामाच्या कागदावर मुद्द्याच्या दोनच ओळी होत्या. निघालेले लाकूड काम करणाऱ्याने न्यावे, वेगळी मजुरी मिळणार नाही, ही पहिली. अपघात झाल्यास जबाबदारी काम करणाऱ्याची, ही दुसरी. आवार कोणाचे आणि सही कोणाची, ते इथे लिहीत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे सुटतात, आणि ही अट तर जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. कुठे ती कागदावर असते, कुठे फाटकाशी उभ्या उभ्या ठरते.

आम्ही दोरावर चढून झाडांची छाटणी करणारी माणसे आहोत. या अटीवर नीट काम करणाऱ्याला उभे राहताच येत नाही. जो उभा राहतो तो अनवाणी, कमरेला कोयता खोचून, काथ्याच्या दोराच्या भरवशावर चढतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही, तो आमच्यातलाच आहे. भांडण अटीशी आहे आणि अट तुम्ही घालता. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघडपणे, कारण झाडाखालून जाणारे-येणारे सगळेच यात आले.

पहिली तक्रार लाकडाचीच. वखारीत मांडीएवढ्या जाडीचा ओंडका विकला जातो. मनगटाएवढी फांदी भट्टीला जाते. डहाळ्या, पाला आणि वाळवी लागलेली पोकळ फांदी यांना कोणी हात लावत नाही, उलट ती उचलायला ट्रॉलीचे भाडे पदरचे जाते. मग ज्याची मजुरी लाकडात आहे तो काय कापेल? जाड, ठणठणीत, खोडाजवळची फांदी. आणि काय सोडेल? रस्त्यावर लोंबणारी वाळकी फांदी. ती टोकाला असते, तिथवर पोचायला अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. ज्या फांदीच्या भीतीने तुम्ही माणूस बोलावला ती वरच राहते, आणि जिने अजून चाळीस वर्षे सावली दिली असती ती ट्रॉलीत जाते. तुम्हाला वाटते छाटणी फुकटात झाली. ती झाडाच्या भांडवलातून झाली.

शेंडे उडवलेला कडुनिंब दोन महिन्यांत पुन्हा हिरवागार दिसतो, म्हणून सगळे खूश असतात. जरा जवळ जाऊन पाहा. कापलेल्या ठोंबाच्या कडेने पंधरा-वीस धुमारे एकाच जागी फुटलेले असतात. मूळची फांदी खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षे थरावर थर बसून गुंतलेली असते. हे धुमारे मात्र नुसते वरच्या थराला धरून असतात. तीन-चार पावसाळ्यांत ते मनगटाएवढे जाड आणि दुमजली घराएवढे उंच होतात, खालचा ठोंब एव्हाना आतून कुजलेला असतो, आणि वळवाचा वारा सुटला की अख्खा झुपका सालीसकट सोलून खाली येतो. मग पुन्हा छाटणी, पुन्हा 'लाकूड तुझे'. त्यातच आपल्याकडचे ऊन. इतकी वर्षे पानांच्या सावलीत असलेले खोड एकदम उघडे पडले की पश्चिमेच्या बाजूची साल तडकते आणि त्या तडीतून खोडकिडा शिरतो.

एका हंगामात जिवंत पाल्याचा चौथा हिस्सा, ही छाटणीची वरची मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. उंची कमी करायचीच असेल तर फांदी मध्येच न तोडता आतल्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागे आणायची, आणि ती उपफांदी कापल्या जागेच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश असली पाहिजे, नाहीतर ती टोकाची जागा घेऊ शकत नाही. हे काम सावकाशीचे आहे आणि त्यातून लाकूड फारसे निघत नाही. लाकडावर दर ठरला की ते कोण करणार?

गंमत म्हणजे याच जिल्ह्यात छाटणीचे ज्ञान घरोघरी आहे. सांगोला-पंढरपूरकडचा डाळिंबवाला तेल्या रोग पसरू नये म्हणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतो. कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची यावर तो तासभर बोलेल. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर शहराला लागून केगावला आहे. तोच बागायतदार सोलापुरात बंगला बांधतो आणि दारातला जुना कडुनिंब कुऱ्हाडीने खांडून घेतो. रोपाला जो न्याय आहे तो झाडाला का नाही, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

दुसरी तक्रार कापण्याच्या रीतीची. ती तुमच्यापर्यंत अशासाठी आणतो, की काम बघायला तुमचा माणूस उभा असतो आणि काय बघायचे ते त्याला कोणी सांगितलेले नसते. तर बघायचे ते हे.

जाड फांदी तीन घावांत काढतात. पहिला घाव खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या अंगाने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. दुसरा त्याच्या दोन-चार बोटे पुढे, वरून. फांदी तिथे मोडून पडते आणि सोललेली साल पहिल्या घावाशी थांबते. पहिला घाव गाळला तर फांदी पडताना खोडाची साल दोन-दोन फूट ओढून नेते. ही चूक शहरातल्या कितीतरी झाडांच्या अंगावर वाचता येते. उरलेला खुंट तिसऱ्या घावाने काढायचा, पण नेमका कुठे? फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो आणि वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली उभी कड असते. घाव या दोहोंच्या लगेच बाहेर पडला पाहिजे. फुगवटा कापून खोडाशी सपाट केले तर जखम दुप्पट होते आणि ती बंद करणारा भागच गेलेला असतो. हातभर खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हे दाखवून दिले. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालून कूज कोंडते आणि वरून नवे लाकूड चढवते. म्हणून घावावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. त्याने आत ओल कोंडते, कूज थांबत नाही. बुंध्याला गेरू-चुना लावायचा तर खुशाल लावा, त्याने झाडाचे काही बिघडत नाही आणि रात्री गाडीवाल्याला बुंधा दिसतो.

आता वेळ. 'पावसाळ्यापूर्वीची छाटणी' म्हणून कामे निघतात मे महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे झाडे पाडणारा वारा असतो वळवाचा, आणि वळीव एप्रिलपासून कधीही येतो. पारा 42-43 च्या घरात, काळी जमीन भेगाळलेली, वर एकाएकी वावटळ आणि गारा. यात आधीच मुळे तुटलेला गुलमोहर आडवा होतो. त्यानंतर तुमची छाटणी सुरू होते. शिवाय त्या दिवसांत कावळ्यांची घरटी असतात आणि जूनपासून बगळ्यांच्या वसाहती बसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. कामाच्या कागदावर याचा उल्लेख आम्ही कधी पाहिलेला नाही.

आमच्या मते क्रम असा हवा. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाला अंगावर असताना, वाळक्या फांद्यांवर खूण करायची. पानगळीत कडुनिंबाची आणि गुलमोहराची जिवंत फांदीही वाळकीच दिसते, मग नेमके ओळखता येत नाही. कापायचे जानेवारी-फेब्रुवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की. ऊन सोसवते, धुमारे फुटायच्या आधी घाव बसतात आणि बहुतेक घरटी टळतात. घार मात्र तेव्हाच अंड्यावर असते. तिची फांदी सोडून द्यायची. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाचे कामच पुढे ढकलायचे. यंत्राचा आवाज आणि पेट्रोलचा वास त्यांना खपत नाही, आणि दोरावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही.

आता साधने. 'जबाबदारी काम करणाऱ्याची' ही ओळ लिहिताना साधने म्हणजे काय हे ठाऊक असते का, अशी शंका येते. म्हणून जरा विस्ताराने.

डोक्यापासून सुरुवात करू. इमारतीच्या कामावरचे टोप, आयएस 2925 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी ठीक आहेत. पण हनुवटीचा पट्टा नसला तर माणूस वाकला की टोप आधी खाली जातो. झाडावर टोप हनुवटीला घट्ट बांधलेला हवा. त्याला जाळी आणि कानावरचे झाकण असेल तर उत्तम, कारण चेन सॉ, म्हणजे यंत्रावरची साखळी-करवत, कानाशी चालते आणि भुसा डोळ्यांत जातो.

कमरेचा नुसता पट्टा घालून चढणे सगळ्यात वाईट. पडताना तो बरगड्यांवर सरकतो आणि सगळा हिसका पोटावर बसतो. बांधकामावरचा आयएस 3521 चा पूर्ण हार्नेस, म्हणजे अंगभर पट्ट्यांचा साज, पडणाऱ्याला झेलतो, पण त्याचा हूक पाठीवर असतो. त्यात माणूस लटकतो, बसू शकत नाही. झाडावर दोन्ही हात मोकळे ठेवून तास-दीड तास काम करायचे तर मांड्यांना वेगळे पट्टे आणि पुढे कडी असलेला, बसता येणारा हार्नेस लागतो. सेफ्टी बेल्ट दिला आहे, असे सांगून तुमचा माणूस जो पट्टा दाखवतो तो बहुतेक वेळा या कामाचा नसतो.

चढायचा दोर 11 ते 13 मिमी जाडीचा, विणलेल्या आवरणाचा, कमी ताणणारा. दोर फांदीवरून दुहेरी खाली येतो, म्हणून 18-20 मीटर उंचीसाठी 45 मीटर लांबी लागते. बाजारातला पिवळा प्लास्टिकचा दोर सामान बांधायला आहे. तो उन्हात ठेवला की त्याचे तंतू पिठासारखे झडू लागतात आणि घर्षणाने पटकन वितळतो. काथ्याचा दोर बाहेरून खडबडीत आणि मजबूत दिसतो, आतून कधी कुजला ते कळत नाही. गाठ मारली की कुठल्याही दोराची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, हा हिशेब धरूनच दोर निवडतात. माणूस वर-खाली सरकतो तो 8-10 मिमीच्या वेगळ्या दोरीच्या आवळगाठीवर. ही दोरी उष्णता सोसणारी हवी. घाईने सर्रकन खाली उतरले की साध्या नायलॉनवर काचेसारखी चकाकी येते. ती चकाकी दिसली की दोरी कापून फेकायची. तुकडा ठेवला तर कोणीतरी तो पुन्हा वापरतो.

दोर वर टाकायचा तो पातळ सुतळीला शिशाच्या छऱ्यांची 300-400 ग्रॅमची पिशवी बांधून. जिथे दोर अडकवायचा ती फांदी जिवंत, निदान 10 सेंमी जाड आणि खोडाच्या बेचक्यातली हवी. वर जाण्याआधी खालून दोन माणसांनी लटकून पाहायचे. कडुनिंब आणि चिंचेवर हे माप पुरते. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरीवर त्याहून जाड बेचके शोधावे लागते. शेवग्यावर चढू नये हे पोरासोरांनाही ठाऊक असते, तरी 'एवढा शेवगाही उतरवून द्या' म्हणणारे भेटतातच. तो खालून, आकडीने.

वर यंत्र सुरू करण्याआधी माणूस दोन ठिकाणी बांधलेला असला पाहिजे : एक चढायचा दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा आखूड पट्टा. कारण साधे आहे. चेन सॉ ज्या झटक्यात फांदी कापते त्याच झटक्यात दोरही कापते. म्हणून या पट्ट्याच्या गाभ्यात पोलादी तार असते, आणि म्हणूनच तो विजेच्या तारांजवळ वापरत नाहीत. वर न्यायची चेन सॉ म्हणजे वरून मूठ असलेली लहान सॉ, आणि तीही दोन्ही हातांनीच धरायची. पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की यंत्र उसळून तोंडाकडे येते. एका हातात फांदी आणि एका हातात यंत्र, हे दृश्य शहरात रोज दिसते. मनगटापर्यंतच्या फांदीला तर यंत्र लागतच नाही. 30 सेंमी पात्याची, ओढताना कापणारी वाकडी करवत पुरते आणि घावही स्वच्छ येतो. कुऱ्हाडीला झाडावर काम नाही.

यंत्राची निगा हाही सुरक्षेचाच भाग. नेहमीच्या लहान सॉच्या साखळीला 4 मिमीची गोल कानस लागते, आणि दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिमी खाली असावा लागतो. कापताना चुरा पीठासारखा निघू लागला की दात बोथट झाले. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो. पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली चांगले टू-स्ट्रोक तेल. साखळीला जळके ऑइल घालायचे नाही. ते चिकटून राहत नाही, पात्याची खाच घासते, आणि त्याचा फवारा माणसाच्या अंगावर आणि झाडाच्या जखमेवर उडतो. बुंध्यात रुतणारे काटे लावलेले बूट फक्त पाडायच्या झाडावर. जिवंत झाडावर काटे मारत चढणारा प्रत्येक पावलाला एक भोक पाडतो. पूर्ण झाड काढायचे नसेल तर असे बूट दिसताच काम थांबवा.

एका चढणाऱ्याचा असा पूर्ण संच चांगल्या दुचाकीच्या किमतीत जातो. आणि एक संच पुरत नाही. दुसरा संच खाली हवा, आणि तो घालून वर जाऊ शकणारा माणूसही. वर कोणी जखमी झाला, चक्कर आली, मधमाश्या उठल्या, तर पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका होतो. अग्निशमन दलाची गाडी निघून, गर्दीतून वाट काढून, शिडी लावेपर्यंतचा वेळ त्याच्याकडे नसतो. लाकडावर घेतलेल्या कामात हा दुसरा माणूस परवडत नाही, म्हणून नसतो.

फांद्या उतरवण्याचेही तसेच. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला टनाच्या आसपास धरा. 30 सेंमी जाड आणि 2 मीटर लांब ओंडका म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो. तो दोराला बांधून नुसता सोडला आणि मीटरभर पडून अडकला तर दोरावर, कप्पीवर आणि वरच्या बेचक्यावर त्याच्या कित्येक पट हिसका बसतो. चढायचा दोर आणि उतरवायचा दोर म्हणूनच कायमचे वेगळे ठेवतात. खालचा माणूस दोर हातात धरून ठेवत नाही. बुंध्याला बांधलेल्या घर्षणाच्या नळीवर वेढे देऊन तो ओंडका सरकवत आणतो. हाताला वेढा मारून दोर धरणाऱ्याची बोटे जातात.

खालच्या माणसांबद्दल एक शहरी बाब. आपल्याकडे एका टोळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे एकत्र असतात, आणि यंत्र सुरू असताना कोणालाच कोणाचे ऐकू येत नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी शिट्टीच्या तीन खुणा ठरल्या पाहिजेत : थांब, सोड, बाजूला हो. 'थांब' कोणीही वाजवली तरी वरचे यंत्र बंद. फांद्या पडायच्या जागेभोवती दोरी बांधून तिथे एक माणूस फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवायला ठेवायचा. सात रस्त्यासारख्या चौकात दोन माणसेही कमी पडतात. पूर्ण झाड पाडायचे असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नको.

विजेच्या तारांची तक्रार सगळ्यात गंभीर आहे. 'वायरमनला फोन केलाय, तुम्ही चढा' हे आम्ही यापुढे ऐकणार नाही. वीज बंद केल्याची लेखी परवानगी, बंद केलेल्या लाइनचे नाव, किती ते किती वाजेपर्यंत, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थिंग केलेल्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, एवढे झाल्यावरच झाडाला हात. अर्थिंग कशासाठी, असे विचारले जाते. वीज गेली की घरोघरी इन्व्हर्टर आणि यंत्रमागांच्या गाळ्यांतून जनरेटर सुरू होतात. एखाद्या ठिकाणची जोडणी चुकीची असेल तर तीच वीज उलटी फिरून बंद लाइनवर येते. ओली फांदी वीज वाहून नेते, बांबूही ओला असला की नेतो, आणि लोखंडी पाइपला बांधलेली आकडी तर नेतेच. 11 केव्हीच्या तारेला टेकावेही लागत नाही, पुरेसे जवळ गेले की ठिणगी उडी घेते. काळे आवरण असलेली केबलही सुरक्षित समजू नये. उन्हाने ते आवरण जागोजागी तडकलेले असते.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडवू नका, चारी बाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवा. गटार किंवा केबलसाठी चर खणताना बुंध्याच्या जाडीच्या तिप्पट अंतराच्या आत मूळ तोडले तर झाडाचा आधारच तुटतो. वरून कितीही छाटा, ते पुढच्या वादळात चर खणलेल्या बाजूच्या उलट पडणार. बुंध्याशी गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची तांबूस, चकचकीत छत्री उगवलेली दिसली तर छाटणीवाल्याला नको, आधी तपासणाऱ्याला बोलवा. लाकडी मोगरीने बुंधा ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते पाहावे लागते. आणि जाहिरातींच्या फलकांचे खिळे. साल चढून ते आत गडप होतात आणि दहा वर्षांनी आमच्या साखळीला सापडतात. साखळी तर जातेच, पण यंत्र उसळते ते वेगळे.

कायद्याचे एक वाक्य लक्षात ठेवावे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 यात झाड तोडणे म्हणजे नुसते बुंध्यातून पाडणे नाही. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही रीतीने इजा करणे हेही त्यात येते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. शेंडे उडवण्याला 'छाटणी' म्हटले म्हणून ती छाटणी होत नाही.

आमच्या मागण्या.

मजुरी पैशात द्या, आणि ती ट्रॉलीवर नको, झाडागणिक नको, टोळीच्या दिवसावर द्या. निघालेले लाकूड तुमच्याकडेच ठेवा. विका, वाटा, डहाळ्यांचा चुरा करून झाडांच्या आळ्यात चार बोटे जाड पसरा, फक्त बुंध्याला टेकवू नका. कापणाऱ्याच्या हातात लाकूड पडता कामा नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कामाच्या कागदावर प्रत्येक झाडाचा क्रमांक, कोणती फांदी आणि ती का काढायची, हे लिहा. 'रस्त्यावरील सर्व झाडे 50 टक्के छाटणे' असले काम आम्ही घेणार नाही.

साधनांची यादी अटींत घाला आणि पहिल्या दिवशी सकाळी ती प्रत्यक्ष तपासा : टोप, बसायचा हार्नेस, दोर, खोडाचा पट्टा, सुटकेचा दुसरा संच, प्रथमोपचाराची पेटी. जिथे यादी पुरी नसेल तिथे काम सुरू होऊ देऊ नका. तो आमच्यातला असला तरी.

वीज बंद करून घेण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची. तो अर्ज आमच्या गळ्यात घालू नका. आम्ही वीज कंपनीचे ग्राहकही नसतो आणि आमचा अर्ज कोणी उघडतही नाही.

उन्हाळ्यात काम करावेच लागले तर सकाळी सहा ते अकरा. त्यानंतर टोप, जाड कापडाची संरक्षक पँट आणि हातमोजे घालून कोणी वर टिकत नाही. मग तो एकेक वस्तू काढून टाकतो, आणि त्याला रागावून उपयोग नसतो. सावली, पाणी आणि क्षारांची पुडी जागेवर हवी.

चढणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा कामाच्या खर्चात धरा आणि विम्याची प्रत कामाच्या कागदाला जोडा. 'जबाबदारी काम करणाऱ्याची' ही ओळ खोडून त्या जागी विमा पॉलिसीचा क्रमांक लिहा.

यातले काहीही परदेशातून आणायचे नाही. थोडी साधने आयात होतात तेवढीच, बाकी सगळे इथेच शिकता आणि करता येते. या अटींचा एक पानी मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्या सोसायटीला, शाळेला किंवा कचेरीला हवा असेल त्यांनी मागावा. ऑक्टोबरात खुणा करायला येऊ तेव्हा तो बरोबर आणू.

आपले,
सोलापुरात दोरावर चढून छाटणी करणारे